कात्री लावण्याआधी: घरच्या शिवणकामासाठी कापड निवडणं आणि हाताळणं

घरी शिवलेला कुर्ता पहिल्या धुण्यात आखूड झाला, ब्लाउजच्या पाठीवर चुण्या पडल्या, पलाझोचा एक पाय फिरून पुढे आला, की आपण फर्म्याला (कापडावर ठेवून कापायच्या कागदी नमुन्याला) नाहीतर मशीनला बोल लावतो. पण हे तिन्ही घोळ मशीनवर बसायच्या आधीच झालेले असतात. पहिले दोन बादलीत, तिसरा कात्रीखाली. म्हणून या लेखात मशीनची टीप कमी आणि कापड जास्त आहे. उदाहरणाला एक साधा सुती कुर्ता घेऊ: उंची ४२ इंच, छाती ३८. ब्लाउज, पिशवी, पडदा हे वाटेत येतील.

काय शिवायचं ते आधी, कापड नंतर

रंग आवडला म्हणून घेतलेली कापडं कपाटात वर्षानुवर्षं घडीतच राहतात. दुकानात शिरण्याआधी एकाच प्रश्नाचं उत्तर ठरवून जा: हे कापड अंगावरून खाली पडायला हवं, की आकार धरून उभं राहायला हवं?

मलमल, रेयॉन, क्रेप, जॉर्जेट ही पडणारी कापडं. चुण्या, घेर, ढगळ बाह्या, पलाझो यांना तीच शोभतात. पॉपलिन, खण, टसर, डेनिम, कॅनव्हास ही उभी राहणारी. कॉलर, सरळ कुर्ता, जॅकेट, पिशवी यांना ती हवीत. खणाचा बारा कळ्यांचा अनारकली शिवला तर आत माणूस दिसत नाही, तंबू चालत आल्यासारखा वाटतो. उलट रेयॉनच्या शर्टाची कॉलर आत कितीही बकरम घाला, दोन धुण्यांत मान टाकते.

या दोन्हींच्या मधे कॅम्ब्रिक, फुल व्हॉइल आणि मऊ लिनन येतात. नव्याने शिवायला बसलेल्यांनी कॅम्ब्रिकच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. दुकानदार त्याला ‘सिक्स्टी-सिक्स्टी’ म्हणतो; तो सुताचा नंबर, आणि नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. कॅम्ब्रिक टेबलावर सरकत नाही, नखाने दाबलं तरी दुमड धरतं, आणि टीप उसवली तरी भोकं उरत नाहीत. नवख्याला उसवावं लागणारच, त्यामुळे हा शेवटचा गुण सगळ्यात मोलाचा. रेयॉन दिसायला देखणं आणि खिशाला परवडणारं, पण कात्रीखाली माशासारखं निसटतं. चार-पाच कपडे हातावेगळे झाल्यावर त्याच्याकडे वळा. सॅटिन आणि शिफॉन त्याच्याही नंतर. होजियरीला, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला, तर गोल टोकाची सुई आणि झिगझॅग टीप लागते, ती फक्त सरळ टीप मारणाऱ्या काळ्या मशीनवर धड बसत नाही.

ब्लाउजसाठी टू बाय टू रुबिया इतकी वर्षं टिकून आहे त्याला कारण आहे. तिच्या ताण्यात (उभ्या धाग्यांत) आणि बाण्यात (आडव्या धाग्यांत), दोन्हीकडे दुपदरी सूत असतं. त्यामुळे कापड पातळ राहूनही मुंढ्यापाशी (बाही जोडतात तिथे) आणि हुकपट्टीशी ताण सोसतं. तान्ह्या बाळाच्या झबल्याला मात्र नवं कोरं काहीच नको. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं किंवा मलमल घ्या आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा.

ताका समोर उलगडल्यावर

पुण्यात रविवार पेठेतला कापडगंज असो, मुंबईचं मंगलदास मार्केट असो की नागपूरची इतवारी, गिऱ्हाईक कापड चुरगळून बघतं याचं तिथे कुणालाच नवल नसतं. तेव्हा संकोच सोडा आणि एवढं करून बघा:

- कोपरा मुठीत घट्ट दाबून दहा आकडे मोजा आणि सोडा. सुरकुती तशीच राहिली तर रोज इस्त्री करायची तयारी ठेवा. अजिबात पडली नाही तर त्यात बहुधा पॉलिस्टर आहे, मग दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणो की आणखी काही.
- कापड दोन्ही हातांनी एकमेकांवर चोळा. बोटांना पांढरी भुकटी लागली तर ती खळ. आत्ता भरदार वाटणारं हे कापड धुतल्यावर विरविरीत होईल.
- उजेडासमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दिसते का, मधेच विरळ पट्टे आहेत का, ते लगेच कळतं.
- ओल्या पांढऱ्या रुमालाने गडद रंगावर घासा. थोडा रंग येणं गैर नाही, रुमाल भरला तर मात्र विचार करा.
- दोन अंगठे जवळजवळ टेकवून कापड आडवं ओढा. धागे बाजूला सरकून फट दिसली तर तिथे शिवण टिकणार नाही. ब्रोकेड, ऑर्गंझा आणि स्वस्त साटनात हे हमखास होतं. अशा कापडाचा घट्ट ब्लाउज शिवू नका, आणि शिवायचाच तर पूर्ण अस्तर लावा आणि माया (शिवणीच्या कडेला सोडलेलं जास्तीचं कापड) भरपूर ठेवा.

चौकड्या आणि आडव्या पट्ट्या घेताना छपाई काठाला काटकोनात आहे का तेही बघा. विणलेल्या चौकड्या सरळ करता येतात. छापलेल्या चौकड्या धाग्याला तिरप्या असतील तर त्या कापडाचं काहीही करा, कुठेतरी वाकडं दिसणारच. मीटरभर रुंदीत बोटभर फरक असेल तर ताका सरळ परत करा.

सूत खरं की खोटं याची खात्री घरी होते. काठाचे चार धागे चिमट्यात धरून मोरीत किंवा स्टीलच्या ताटावर जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेयॉनही तसंच जळतं, कारण तेही झाडापासूनच, लाकडाच्या लगद्यापासून केलेलं असतं, त्यामुळे या दोघांतला फरक या परीक्षेत कळत नाही. पॉलिस्टर आकसून वितळतं आणि काळा कडक मणी बनतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, आणि मागे उरलेला गोळा बोटांनी चुरला जातो.

किती मीटर घ्यायचं

आपली टेप इंचांत आणि दुकानातला गज मीटरमध्ये, इथेच पहिला गोंधळ होतो. मीटर म्हणजे ३९.३७ इंच, वार म्हणजे ३६ इंच. आजीच्या तोंडी अजूनही वार असतो, तेव्हा तिचा ‘अडीच वार’ तसाच दुकानात सांगू नका.

दुसरा मुद्दा पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा. कुर्त्याच्या सुती कापडाचा पन्हा बहुधा ४४ इंच मिळतो, काही जुन्या धाटणीच्या कापडांचा ३६, शर्टिंग-सूटिंगचा ५८. हातमागाचा खण तर याहूनही अरुंद. पन्हा बदलला की मीटरचा हिशेबही बदलतो, म्हणून ताक्यावरच्या चिठ्ठीवर न विसंबता टेप लावून घ्या.

आता आपला कुर्ता. उंची ४२, त्यात खांद्याची माया आणि खालची दुमड मिळून ३ इंच, म्हणजे ४५. पुढचा-मागचा भाग धरून ९० इंच. सुती कापड धुतल्यावर लांबीत शेकडा ३ ते ५ आटतं असं धरलं तर ९५ इंच, म्हणजे सुमारे २.४ मीटर. तेव्हा अडीच मीटर घ्यायचं.

बाह्यांना वेगळं कापड लागत नाही, पण त्यासाठी घडी नीट घालावी लागते. बहुतेक जणी कापड मध्यावर दुमडतात. मग ४४ इंचाचे दोन २२ होतात, त्यातले १३ कुर्त्याच्या अर्ध्या घेराला गेले की उरतात ९ इंच, आणि त्यात १६ इंची बाही काही केल्या मावत नाही. त्याऐवजी एकच काठ आत १३ इंचांपर्यंत दुमडा. घडीत कुर्ता बसतो आणि बाजूला एकेरी कापडाची १७-१८ इंचांची सलग पट्टी उरते. तिच्यातून दोन्ही बाह्या आणि गळ्याची पट्टी निघते. फक्त दुसरी बाही कापताना फर्मा पालथा घाला. एकेरी कापडावर फर्मा तसाच ठेवून दोनदा कापलं की दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात.

नक्षीला वर-खाली असेल, उदाहरणार्थ कलमकारीतले मोर किंवा हत्ती, तर सगळे तुकडे एकाच दिशेने लावावे लागतात. अशा वेळी अर्धा मीटर जास्त घ्या. मोठ्या चौकड्या जुळवायच्या असतील तर एका चौकडीच्या उंचीइतकं कापड प्रत्येक भागामागे वाढवा. पडद्याला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड लागतं. त्यात काटकसर केली की पडदा चादर टांगल्यासारखा दिसतो.

बादली

मागावर ताण्याचे धागे विणकाम संपेपर्यंत ताणलेले असतात. पाणी लागलं की ते सैल पडून आपल्या मूळ लांबीवर येतात, म्हणूनच कापड रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतं. हे आटणं कपडा शिवून झाल्यावर व्हायचं की आधी, एवढंच आपल्या हातात आहे. काही शर्टिंगच्या काठावर ‘सॅन्फोराइज्ड’ असं छापलेलं असतं. कापड गिरणीतच यंत्राने आटवून घ्यायची ही पद्धत अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी काढली आणि तिचं पेटंट १९३० सालचं. असा शिक्का असेल तर आटण्याची धास्ती फारशी नाही. नसेल तर बादली भरा.

कपडा पुढे जसा धुणार तसंच कापड आत्ता धुवायचं, हा साधा नियम. मशीनमध्ये धुणार असाल तर आत्ताही मशीनमध्येच. सुती कापडाच्या कापलेल्या दोन्ही टोकांना मोठा धावदोरा घाला, म्हणजे दशा सुटून गुंता होणार नाही. मग कोमट पाण्यात थोडी पावडर टाकून दोन-तीन तास भिजवा, खळ निघू द्या, खळबळून काढा. पिळून पीळ घालू नका. दोरीवर काठाला काठ जुळवून सावलीत टाका आणि किंचित दमट असतानाच उभ्या दिशेने इस्त्री करा. इस्त्री तिरपी ओढली तर सरळ कापडही वाकडं होतं.

अजरख, इंडिगो, गडद कलमकारी ही वेगळी भिजवा आणि पाणी जवळजवळ नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा खंगाळा. मीठ किंवा तुरटी घातली की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. मिठाचं काम रंगाऱ्याच्या हंड्यात, रंग चढत असताना. धाग्याला नीट न धरलेला रंग नंतर मिठाने धरत नाही, तो धुऊनच काढावा लागतो.

रेयॉन ओलं असताना कमजोर होतं, त्याला हाताळताना ओढाताण नको. पॉलिस्टर आटत नाही, त्याला भिजवलं नाही तरी चालतं. रेशमी ब्लाउजपीस, पैठणीचा काठ, जरीचा खण मात्र पाण्यात घालू नका. उलट्या बाजूवर दमट मलमल ठेवून हलकी इस्त्री फिरवा, तेवढं पुरे.

आता सगळ्यात विसरला जाणारा ऐवज: अस्तर. महागाचा ब्लाउजपीस जपून शिवायचा आणि आत रुबियाचं अस्तर कोरं घालायचं, हे फार घरांत चालतं. पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड आटत नाही, आणि पाठीवर-टक्सपाशी फुगे येतात. ते इस्त्रीने जात नाहीत, उसवूनच काढावे लागतात. तेव्हा अस्तर आधी भिजवा. सुती लेस, नाडी, पायपिंगची दोरी हेही त्याच बादलीत टाका. गोधडीचं तसंच. आतले थर जुन्या साड्यांचे आणि वरचं कापड कोरं असेल, तर आधी त्या कोऱ्या कापडाला पाणी दाखवा.

धागा सरळ करणं

इथे दहा मिनिटं घालवा, पुढचे दोन तास वाचतील. कापडाच्या एका टोकाला, काठाजवळ, कात्रीने अर्धा इंच खाच द्या. तिथला एकच आडवा धागा सुईने उचला आणि हळूहळू ओढा. धागा निघत जाईल तसतशी कापडावर एक बारीक रेघ उमटते. धागा तुटला तर जिथे तुटला तिथपर्यंत कापा, पुढचं टोक पुन्हा उचला. या रेघेवरून कापलेलं टोक म्हणजे खरी आडवी कड. कॅम्ब्रिक आणि पॉपलिन नुसतं फाडलं तरी धाग्यावरच फाटतं, पण फाटलेली कड लाटेसारखी होते, ती इस्त्रीने बसवून घ्या.

दोन्ही टोकं अशी सरळ झाली की कापड लांबीत दुमडून काठाला काठ लावा. कोपरे जुळले तर उत्तम. एक कोपरा पुढे गेला असेल तर कापड तिरकं झालं आहे. जो कर्ण आखूड पडतोय त्याचे दोन कोपरे दोघांनी धरून ओढायचे, थोडं पुढे सरकून पुन्हा ओढायचे. दमट कापड लवकर ऐकतं. पलाझोचा पाय फिरतो तो ही पायरी गाळल्यामुळे.

फर्म्याची उभी रेघ नेहमी काठाला समांतर ठेवा. ती दोन्ही टोकांना काठापासून टेपने मोजा, नजरेवर सोडू नका. कापड सर्वात कमी ताणतं ते उभ्या दिशेने, आडवं थोडं जास्त, आणि उरेब, म्हणजे तिरक्या दिशेने, सगळ्यात जास्त. गळ्याच्या गोलाईला लावायची पट्टी उरेबच हवी, कारण तीच वळते. पण हाच गुण मुंढ्याला आणि गळ्याला घातक ठरतो. कापून ठेवलेला गोल गळा नुसता हाताळून अर्धा इंच मोठा होतो. तेव्हा कापल्या कापल्या कडेपासून पाव इंचाच्या आत एक साधी टीप मारून ठेवा आणि मगच बाकीचं काम हाती घ्या.

कापणं

कापड टेबलावर किंवा फरशीवर पूर्ण टेकलेलं हवं. पलंगावर गादी दबते आणि कापड झोळ धरतं. जड कापडाचा लोंबणारा भाग खुर्चीवर ठेवा, नाहीतर तो टेबलावरचं कापड ओढत राहतो. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकवून लांब काप घ्या. तीच कात्री कागदाला लावायची नाही, हे घरात सगळ्यांना बजावून ठेवा.

निसटणाऱ्या कापडाला दोन उपाय आहेत. मलमल आणि रेयॉनला तांदळाच्या पातळ पेजेची किंवा साबुदाण्याची खळ द्या, वाळवा, इस्त्री करा. मग ते पॉपलिनसारखं वागतं. शिवून झाल्यावर धुतलं की खळ निघून जाते. जॉर्जेट-शिफॉनला खाली पातळ कोरा कागद घालून कागदासकट टाचा आणि कागदासकटच कापा. मशीनवरही हाच कागद खाली ठेवता येतो, टीप झाली की फाडून टाकायचा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.

टाचण्या मायेच्या आतच लावा, कारण रेशमावर आणि साटनावर टाचणीची भोकं राहतात. आणि माया सढळ ठेवा. घरी शिवायचा मोठा फायदा हाच, की बाजूच्या शिवणीत एकेक इंच ठेवला तर दोन वर्षांनी कपडा उसवून सैल करता येतो.

मशीनवर

घरगुती मशीनला चपट्या दांड्याची सुई लागते. गोल दांड्याची सुई मोठ्या कारखानी मशीनची असते, विकत घेताना गल्लत होते. नंबर असे:

- मलमल, जॉर्जेट, शिफॉन: ९ किंवा ११
- कॅम्ब्रिक, रुबिया, रेयॉन, रेशीम: ११, थोडं जाडसर असेल तर १४
- पॉपलिन, खण, लिनन: १४
- डेनिम, कॅनव्हास, सोफ्याचं कापड: १६, आणि थर वाढले तर १८

सुई बोथट झाली की ‘टक-टक’ आवाज येतो आणि कापडाचे धागे ओढले जातात. एवढी स्वस्त वस्तू लोक वर्षभर का वापरतात, कळत नाही. टाक्याची लांबी साध्या सुती कापडाला २.५ मिलिमीटर, म्हणजे इंचाला दहा टाके. नाजूक कापडाला २, जाड कापडाला ३ ते ३.५. नाजूक कापडावर चुण्या पडत असतील तर आधी सुई बदला, मग वरच्या दोऱ्याचा ताण कमी करा. खालच्या बाजूला दोऱ्याची जाळी होत असेल तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, बॉबिन काढण्याआधी वरचा दोरा पुन्हा ओवून बघा. हे सगळं त्याच कापडाच्या दुहेरी तुकड्यावर करायचं, कपड्यावर नाही.

कॅनव्हासच्या पिशवीला जिथे शिवणीवर शिवण येते तिथे मशीन अडतं. तो उंचवटा आधी हातोडीने ठोकून बसवा. मग दाबपट्टीच्या (सुईपाशी कापड दाबून धरणाऱ्या पट्टीच्या) मागच्या बाजूला घडी घातलेला पुठ्ठा सरकवा, म्हणजे ती वर तोंड न करता सपाट राहते, आणि तेवढे चार टाके चाक हाताने फिरवून घाला. या कामात जुनं काळं लोखंडी मशीन नव्या प्लास्टिकच्या मशीनला सहज मागे टाकतं.

दशा सुटणाऱ्या कापडाच्या कडा आधीच बंद करा. गल्लीतल्या पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक करून आणणं सोपं. घरीच करायचं तर पातळ कापडाला बंद शिवण घाला: उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप, माया कातरून कपडा फिरवा, आणि आता सुलट बाजू आत ठेवून दुसरी टीप. कड आत गुडूप होते. जाड कापडाला ही शिवण घालू नका, दोरी घातल्यासारखी फुगते.

प्रत्येक टीप झाली की इस्त्री करा, सगळं संपल्यावर एकदम नाही. आधी टीप आहे तशीच दाबा, मग माया उघडून दाबा. पॉलिस्टरला आच मंद, रेशमाला आणि जरीला वरून कापड.

खालची दुमड सर्वात शेवटी. घेर असलेला कुर्ता किंवा अनारकली शिवून झाला की दुमड न घालता हँगरला लावा आणि रात्रभर टांगून ठेवा. कळ्यांचा तिरका भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो, रेयॉनमध्ये तर एखाद-दोन इंच सहज. दुसऱ्या दिवशी तो अंगात घाला, सरळ उभ्या राहा, आणि दुसऱ्या कुणाला तरी जमिनीपासून लाकडी पट्टीने मोजून चारी बाजूंनी खडूच्या खुणा करायला सांगा. खाली उतरलेलं कापून टाका आणि मग दुमड घाला.